झांजेला दोन्ही हात लागतात

बातमी आधी. जानेवारीअखेरच्या एका शुक्रवारी दुपारी मस्कतच्या रुवी भागातल्या एका सभागृहात आमच्या पंधरा वर्षांच्या मुलीने दशावतारी नाटकाला सलग पावणेदोन तास झांज वाजवली. समोर दोनशेच्या आसपास माणसं होती. त्यातला शेवटचा तासभर तिच्या तोंडावर मास्क नव्हता.

पुण्यातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर मी अकरा वर्षं काम केलं. महत्त्वाचं ते पहिल्या परिच्छेदात यावं, ही तिथली शिस्त. म्हणून निकाल वर दिला आहे. पुढचा सगळा मजकूर मुलीने वाचला आहे. दोन ठिकाणी तिने काट मारली, तो भाग काढला. परवानगीचा हा उल्लेख उगाच केलेला नाही, हे पुढे कळेल.

मस्कतला येऊन आम्हाला आठ वर्षं झाली. नवरा एका बांधकाम कंपनीत नियोजनाचं काम बघतो. मी घरून भाषांतरं करते आणि पुण्याच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीला अधूनमधून लेख पाठवत असे. आम्ही बौशरमध्ये राहतो. मुलगी भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत आहे. मैत्रिणींशी इंग्रजी, आमच्याशी मराठी, पण मराठी बोलताना शब्द शोधावे लागतात.

कोविडचे मास्क सगळ्यांच्या तोंडावरून उतरून बराच काळ झाला होता. आमच्या मुलीचा मास्क आठवीच्या उन्हाळी सुट्टीनंतर परत आला. आधी फक्त शाळेच्या बसमध्ये. मग वर्गात, मग मॉलमध्ये. सप्टेंबरमध्ये घरी पाहुणे आले तेव्हा ती मास्क लावून बाहेर आली. सर्दी आहे, असं मीच सांगितलं.

कारण मला नंतर कळलं, तेही शाळेतल्या समुपदेशक बाईंमुळे. छोट्या व्हिडिओंच्या ॲपवर एक खेळ होता. चेहऱ्याची डावी बाजू घेऊन ॲप तिचाच पूर्ण चेहरा करतं, मग उजव्या बाजूचा करतं आणि दोन्ही शेजारी ठेवतं. पाहणाऱ्याने ठरवायचं, कुठला चांगला. मुलीने ते स्वतःवर करून पाहिलं. दोन अनोळखी मुली समोर आल्या आणि दोन्ही तिला आवडल्या नाहीत. त्यानंतर ॲपने तिला जबड्याचे व्यायाम, नाकाच्या शस्त्रक्रिया आणि ‘सुंदर मुलींची सात लक्षणं’ दाखवायला सुरुवात केली. एक बघितलं की तसंच दुसरं येत होतं. त्याआधी ती नाच करून चित्रित करायची. फोनमध्ये असे एकसष्ट नाच होते. एकही तिने कुणाला दाखवलेला नव्हता.

मास्कचा प्रश्न असा की तो लावून जेवता येत नाही. ती ताट घेऊन खोलीत जाऊ लागली. शाळेतला डबा तसाच परत येऊ लागला, कारण वर्गात मास्क काढावा लागला असता. ऑक्टोबरमध्ये युनिफॉर्मचा पट्टा दोन भोकं आत गेला. आमच्या घरातली चिंता एवढीच होती: ही मुलगी चारचौघांत तोंड उघडून जेवेल का?

मी नोंदी ठेवायला लागले. एका वहीत वेळ, मिनिटं, डब्यात उरलेल्या पोळ्या.

नवरा म्हणाला, “तू तिची बातमी करतेयस.”

“नोंद ठेवतेय. डॉक्टरांना दाखवायला लागेल.”

“डॉक्टरांना दाखवायला मुलगी आहे की.”

नोंदी साठल्या की त्यांचा लेख होतो. तोही झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तो पुण्याला पाठवला. मुलीचं नाव दिलं नाही. शाळेचं नाही, शहराचंही नाही. ‘आखातातल्या एका मराठी घरातली नववीतली मुलगी’ एवढंच लिहिलं. नाव काढलं की माणूस सुरक्षित, असं डेस्कवर आम्ही मानत आलो. गुन्ह्याच्या किती बातम्या मी अशा तपासून सोडल्या असतील. मास्क, परत आलेला डबा, पट्ट्याची दोन भोकं हे तपशील लेखात होते. तपशिलाशिवाय लेख उभा राहत नाही, हेही डेस्कनेच शिकवलेलं.

दुसरी चूक वाराची. लेख रविवारी येणार होता. रविवार म्हणजे लोक चहा घेत पुरवणी वाचतात, हे पुण्याचं चित्र माझ्या डोक्यात पक्कं होतं. मस्कतमध्ये रविवार हा आठवड्याचा पहिला दिवस. मुलगी त्या वेळी शाळेत होती.

तिसरी गोष्ट मला माहीत नव्हती. दैनिकाच्या डिजिटल विभागाने त्या लेखाचा पंचेचाळीस सेकंदांचा उभा व्हिडिओ केला होता. मास्क लावलेली कुणीतरी परदेशी मुलगी, मागे व्हायोलिन, आणि बाईच्या आवाजात माझी वाक्यं. सकाळी साडेनऊला तो आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला. खाली एका बाईंनी लिहिलं होतं, ‘आपल्यातल्याच कुणाच्या घरचं दिसतंय. काळजी घ्या सर्वांनी.’ आणि हात जोडल्याची तीन चित्रं. मस्कतमध्ये नववीत मास्क लावून जाणारी मराठी मुलगी एकच होती. मधल्या सुट्टीपर्यंत तो वर्गात पोचला.

दुपारी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. दप्तर पाठीवर तसंच.

“आई, तू माझं रील केलंस.”

भांडण ती इंग्रजीत करते. हे वाक्य मराठीत होतं आणि त्यात ती एकदाही अडखळली नाही.

त्यानंतर एकोणीस दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी दैनिकाला मेल केला, व्हिडिओ दोन दिवसांत उतरवला गेला, ज्यांनी साठवून ठेवला होता त्यांच्याकडे तो राहिला. ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. काहीही लिहिलं असतं तरी तो कबुलीजबाब ठरला असता. वही मी फाडून टाकली. मुलगी समुपदेशक बाईंकडे जात राहिली आणि त्याचा उपयोगही होत होता, हे इथे नोंदवते. पण डबा परतच येत होता.

चौदाव्या दिवशी तिने वडिलांना सांगितलं की कपाटाच्या दाराचा आरसा काढून टाकायचा आहे.

सुतार गुरुवारी संध्याकाळी आले. कुडाळकडच्या एका गावचे, पन्नाशीचे, ओमानमध्ये चोवीस वर्षं. रुवीत राहतात. आमच्या इमारतीतली बरीचशी स्वयंपाकघरं त्यांनी केलेली. आरशावर त्यांनी बोटाने दोनदा टकटक केली.

“आरसो फुटलो नाय, तडो गेलो नाय. मगे काढतास कित्याक?”

“मुलीला नकोय,” नवरा म्हणाला.

सुतारांनी पलंगाकडे बघितलं. मुलगी मास्क लावून, पाय खाली सोडून बसली होती. हातात फोन, कानात काही नाही, आवाज बंद. त्यांनी स्क्रू काढायला सुरुवात केली. चौथ्या स्क्रूपाशी ते थांबले.

“गो बाय, तुका ताल कोणी शिकयल्यान?”

“काय?”

“पाय बघ तुजो. मघापासून वाजता. एकदा पन चुकूक नाय.”

तिचा उजवा पाय फरशीवर ठेका धरत होता. स्क्रीनवर कुणीतरी नाचत असणार. पाय थांबला.

“आय डोन्ट... मला नाही येत काही.”

“तुका येना नाय, तुज्या पायाक येता,” सुतार म्हणाले आणि नवऱ्याकडे वळले. “आमचो झांजवालो गावाक गेलो. बायको बाळंत झाली. आमचा नाटक जानेवारीत. चेडवाक घेवन येतास काय शुक्रवारी खाबुऱ्याक?”

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत मुलीने विचारलं, “झांज म्हणजे सिंबल्स? लोक बघतात?”

“झांजवाल्याक कोण बघता?” सुतार म्हणाले. “लोक माका बघतत. मी राक्षस.”

आरसा त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून बाल्कनीत ठेवला. “फोडू नकात,” जाताना म्हणाले. “बरो आसा.”

ती का तयार झाली, हे मी तेव्हा विचारू शकत नव्हते. नंतर विचारलं. कोण बघता, हे वाक्य तिला पटलं होतं.

खाबुरा बौशरपासून पावणेदोन तासांवर आहे. बातिनाच्या किनाऱ्यावरचं गाव, आत लिंबांच्या आणि खजुराच्या बागा. त्यातल्या एका बागेत कोकणातली सहा माणसं कामाला आहेत आणि मालकाने त्यांना शुक्रवारी दुपारी पॅकिंगची शेड वापरायला दिली आहे. मस्कतहून आणखी आठ-दहा जण येतात. कुणी ड्रायव्हर, कुणी एसी दुरुस्त करणारा, कुणी गोदामात. गावच्या जत्रेला रजा मिळत नाही म्हणून दरवर्षी ते इथे एक नाटक करतात. गावाकडे ते रात्रभर चालतं. इथे शनिवारी सकाळी ड्युटी असते, म्हणून दुपारी तीनला सुरू होऊन जेवणाच्या वेळेआधी संपतं. उजेडातलं दशावतार.

या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. मला हे ऐकून माहीत होतं, पण बघितलं नव्हतं. शेडमध्ये सगळे लिंबांच्या क्रेटवर बसले, मृदंगवाल्याने गोष्ट सांगितली, कोण कधी येणार, कोण कुणाला मारणार हे दहा मिनिटांत ठरलं. खलास. पुढचं बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या करायचं. नट काय करील हे वादकांना आधी कळत नाही. नटाचा पाय उचलला गेला की झांज तयार, पडला की आवाज. झांज चुकली तर राक्षसाची चाल माणसाची होते.

दारापाशी एक रिकामा क्रेट होता. आत येणारा प्रत्येक जण आपला फोन त्यात टाकत होता. गेल्या वर्षी राजा मरताना कुणाचा तरी फोन वाजला होता, तेव्हापासून हा नियम. कुणी मुलीला काही सांगितलं नाही. तिने जरा वेळ बघितलं आणि आपलाही त्यात ठेवला.

एका म्हाताऱ्या नटाने कुरकुर केली. “चेडू झांजेर? गावात कोण आयकात तर...”

“गावात कोण सांगतलो? तू?” सुतार म्हणाले. “मगे तू बस झांजेर आणि मी राणी कोणाक करू?”

म्हातारा राणी होता.

सुरुवात झाली. मुलगी मृदंगवाल्याशेजारी सतरंजीवर बसली, झांजेच्या दोऱ्या बोटांत गुंडाळून. पहिलं थोडं जमलं. मग सुतारांचा पाय हवेत गेला आणि आवाज आला नाही. ते पाय खाली न ठेवता तसेच उभे राहिले, हात पसरून.

“खय गेली झांज?”

मुलगी दाराकडे बघत होती, क्रेटकडे.

“मी बगळो झालंय गो. मासो येवची वाट बघतंय.”

शेडमधले सगळे हसले. ती मास्कमागे हसली की नाही ते दिसलं नाही. पण झांज वाजली आणि पाय खाली आला. पाच-सात पावलं गेली. पुन्हा बगळा. त्या दुपारी मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं, तरी मोजलं. चौदा वेळा सुतार एका पायावर उभे राहिले. दर वेळी नवीन टोमणा. “यल्ला गो, माजो दुसरो पाय पन उचलू काय?” मास्क नाकावरून घसरला की ती कोपराने वर सारायची आणि तेवढ्यात एक ठोका जायचा.

परतीच्या वाटेवर ती मागच्या सीटवर होती. वाटेतलं बर्का गाव ओलांडलं तेव्हा ती बोलली. एकोणीस दिवसांनी.

“आई, माझी नजर आपोआप वळते. मी ठरवते की पायाकडेच बघायचं, पण थोड्या वेळाने डोळे स्वतःच जातात. लाइक, नेक्स्ट.”

“किती वेळाने?”

“तू मोजलं असशील.”

“नाही मोजलं,” मी म्हणाले. हे अर्धं खोटं होतं.

“पंधरा-वीस सेकंद,” ती म्हणाली. “मी मोजलं.”

मग मी तिची माफी मागितली. कशी मागितली, ते तिने काढायला सांगितलेल्या दोन भागांपैकी एक आहे.

आम्ही आठ शुक्रवार खाबुऱ्याला गेलो. या काळात तिने ॲप काढून टाकलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. घरी ती पूर्वीसारखीच स्क्रोल करत होती, कदाचित थोडं कमी. फरक शेडमध्ये पडत होता. दुसऱ्या शुक्रवारी नऊ बगळे, चौथ्याला तीन. पाचव्याला सुतारांनी मुद्दाम भलतीकडे पाय टाकला आणि झांज बरोबर तिथेच वाजली. ते वळून म्हणाले, “आता गावली!” मृदंगवाला मान डोलवत होता. बागेचा म्हातारा ओमानी मालक जुम्म्याची नमाज आटोपून कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास घेऊन दर वेळी दाराशी येऊन बसायचा. त्याला मराठीतलं अक्षरही कळत नव्हतं. तोही अरबीत “झैन, झैन”, छान छान, म्हणाला. त्या दिवशी गाडीत परतताना ती म्हणाली की काकांचा पाय पडायच्या आधी त्यांचा खांदा हलतो, ते बघितलं की झालं. आम्हा दोघांनाही पाच शुक्रवारांत हे दिसलं नव्हतं.

मास्क मात्र होता. शेडमधल्या माणसांनी त्याबद्दल कधीही विचारलं नाही. तिथे वाळवलेल्या लिंबांची धूळ उडते, त्यांच्यातले निम्मे कामावर तोंडाला फडकं बांधूनच असतात.

प्रयोगाच्या दिवशी आम्ही एक वाजता रुवीला पोचलो. सभागृहाच्या मागच्या खोलीत सुतार रंगायला बसले होते. मुलीने मला कोपऱ्यात घेतलं.

“लोक शूट करतील ना?”

“करतील.”

“मंडळवाले पण?”

“हो.”

तिने झांज पिशवीतून काढली नव्हती. मी म्हणाले, मंडळाच्या अध्यक्षांना सांगून फोन बंद ठेवण्याची घोषणा करवते. ते मला शक्य होतं.

सुतारांनी आरशातूनच उत्तर दिलं. “सांगा नकात. लोक बघतले. बघूकच इल्यात. गो बाय, तू माजे पाय बघ, मी लोकांक बघून घेतंय.”

ती त्यांच्याकडे वळली. ते अर्धेच रंगले होते. डावी बाजू लाल-काळी, भुवई कानापर्यंत गेलेली. उजवी बाजू रोजची, पांढरे खुंट आलेली. ती बघत राहिली.

“काका, तुमचे दोन हाफ मॅच नाही करत.”

“माजी बायल पंचवीस वरसां त्याच सांगता,” सुतार म्हणाले.

ती हसली. मोठ्याने, मास्क असूनही कळेल इतकी. मग पिशवीतून झांज काढली आणि दोऱ्या बोटांना गुंडाळल्या.

तीन वाजून पाच मिनिटांनी पडदा सरकला. रंगमंचावर एक बाकडं, बाजूला तीन वादक. प्रेक्षकांत मंडळाची कुटुंबं होती, रुवीतल्या खोल्यांमधून आलेली कोकणातली माणसं होती आणि मागच्या रांगेत बागेचा मालक नातवाला घेऊन आला होता. पहिल्या रांगेत त्या बाई होत्या ज्यांनी नोव्हेंबरात हात जोडले होते. त्यांचा फोन आधीपासूनच वर होता. मी तिसऱ्या रांगेत, घड्याळ मांडीवर.

देवाचं आवाहन झालं, राणी आली आणि शिट्ट्या पडल्या. तीन वाजून चाळीस मिनिटांनी राक्षस आला. सभागृहात हवा कोंदली होती. मुलीच्या कपाळावरचा घाम मला तिसऱ्या रांगेतून दिसत होता. मास्क ओला झाला, नाकावरून उतरला, ओठांवर आला. तिने हनुवटी खांद्याला घासून तो वर ढकलायचा एकदा प्रयत्न केला. त्याच क्षणी सुतारांचा पाय उचलला गेला. तिने हनुवटी सोडली आणि झांज वाजवली.

झांजेला दोन्ही हात लागतात. मास्क हनुवटीखाली गेला आणि तिथेच राहिला. घड्याळात तीन पन्नास झाले होते.

ती आता वर करील, मग करील, असं मी वाट बघत होते. नवऱ्याने माझं मनगट धरलं होतं. तिला ते कळलंच नव्हतं असं म्हणता येणार नाही. तिने नंतर सांगितलं की कळलं होतं, पण राक्षस राणीकडे निघाला होता आणि काकांचा खांदा हलला होता.

युद्ध शेवटी असतं. शेडमध्ये ते दहा मिनिटांत उरकायचं. त्या दिवशी सुतारांनी ते लांबवलं. राजा दोनदा मरायला तयार झाला, दोनदा त्यांनी त्याला सोडलं. तलवार फिरवत ते थेट वादकांपुढे आले आणि तिच्यासमोर नाचू लागले. संथ, मग दुप्पट, मग अचानक एका पायावर थांबले. संपूर्ण बगळा. सभागृह शांत. झांज हवेत उघडी, तिचे डोळे त्या पायावर. कितीतरी वेळ. पाय पडला आणि झांज वाजली, एकाच क्षणी, आणि मागच्या रांगांतली माणसं उभी राहिली. कोकणातल्या माणसांनी ते काय होतं ते ओळखलं होतं. मी डेस्कवर अकरा वर्षं काढली आणि टाळ्यांचं वर्णन ‘कडकडाट’ या शब्दाने करणाऱ्या बातमीदारांच्या कॉपीतून तो शब्द कापत आले. त्या दिवशी तो शब्द बरोबर होता.

शेवटी राजाच्या हातून राक्षस मेला. चार पन्नासला पडदा पडला. लगेच पुन्हा उघडला, कारण मेलेला राक्षस उठून मुलीला हाताला धरून पुढे आणत होता.

“ह्या आमचा झांजवाला चेडू,” तो सभागृहाला म्हणाला. “पयलां नाटक. माजो घाम काढल्यान.”

ती उभी होती, उघड्या चेहऱ्याने, घामाघूम, मास्क गळ्यात ताईतासारखा. वाकून नमस्कार केला आणि सुतारांच्या पाठीमागे जायला बघितलं. त्यांनी जाऊ दिलं नाही.

नंतर रंगमंचावरच सतरंज्या अंथरून जेवण झालं. कोंबडीचा रस्सा, वडे, सोलकढी, कागदी ताटल्या. चाळीसएक माणसं होती. मुलगी मृदंगवाला आणि राणी यांच्या मध्ये मांडी घालून बसली. राणी अजून नथीतच होती आणि मुलीच्या ताटलीत वडे टाकत होती. “खा गो. हात दुकतले उद्या.” ती खात होती आणि तोंडात घास असताना काहीतरी सांगत होती. बोलणं माझ्यापर्यंत पोचलं नाही. तिने पाच वडे खाल्ले. ही एक नोंद मी ठेवली आणि तिने ती काटली नाही.

शनिवारी सकाळी मंडळाच्या ग्रुपवर क्लिप आली. त्याच बाईंनी टाकलेली, पन्नास सेकंदांची. युद्ध, राक्षस, आणि मग कॅमेरा वळून मुलीच्या चेहऱ्यावर, अगदी जवळ. खाली लिहिलं होतं, ‘आपली लेक!’ मला नोव्हेंबर आठवला. या वेळी मी आधी तिला सांगितलं. फोन तिच्या हातात दिला आणि समोर बसले.

तिने क्लिप बघितली. परत लावली. मग मधली काही सेकंदं पुन्हा पुन्हा, बोटाने मागे ओढून, फोन डोळ्यांजवळ नेऊन. ती स्वतःच्या चेहऱ्याचं काय म्हणते, याची मी तयारी करून बसले होते. समुपदेशक बाईंनी सांगितलेली दोन वाक्यं जिभेवर होती.

“आई, हे बघ. काकांचा डावा पाय. लेट पडलाय.”

मी बघितलं. मला काही दिसलं नाही.

“हा बघ. मृदंग पुढे गेलाय. मी थांबलेय.” तिने पुन्हा मागे ओढलं. “मी बरोबर आहे.”

तिने सुतारांना तसा आवाजी निरोप पाठवला, अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी. दहा मिनिटांत उत्तर आलं. मागे रंधा चालल्याचा आवाज होता, ते कामावर होते.

“खरां गो बाय. गुडघो गेलो माजो त्या येळार. तू थांबलंस म्हणान मी पडूक नाय.”

तिने तो निरोप दोनदा ऐकला. मग फोन टेबलावर ठेवला, मास्क न शोधता स्वयंपाकघरात आली, पातेल्यावरचं झाकण उचलून आत बघितलं आणि म्हणाली की इथेच बसून खाते, वाढ.